अक्का, तारीख मी सांगितली होती

अक्का,

तुमच्या शाळेतल्या जुन्या मुली तुमच्यावर एक पुस्तिका काढत आहेत. तेराव्याला आल्या होत्या, तेव्हा मला म्हणाल्या, "काकू, तुमीबी दोन पानं द्या." तुम्ही किती वर्षं नोकरी केली, किती संघ तयार केले, कुठले कप आणले, ते सगळं बाकीच्यांनी लिहिलं आहे. त्यात माझी भर नको. मला एकच गोष्ट लिहायची आहे. ती तुम्ही असताना चारचौघांत बोलायला पाहिजे होती. बोलले नाही. म्हणून आता छापून देते.

मेडिकलमध्ये बसून लिहिते आहे. गिऱ्हाईक आलं की उठावं लागतं, त्यामुळं सलग होणार नाही.

पुस्तिका वाचणाऱ्या सगळ्यांना आपलं नातं माहीत नसेल. अक्का माझ्या नणंद, मालकांच्या थोरल्या बहीण. परभणीत मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई. मी पेडगावची मंगल, औषधाच्या दुकानवाली. आणि वैष्णवी माझी मुलगी, जी भूतानला फुटबॉल खेळून आली म्हणून पेपरात आली होती.

लग्न करून आले तेव्हा सगळ्या सासरात मला फक्त तुमची भीती वाटायची. साडीवर बूट घालणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. तुम्ही मला पहिलं काय विचारलंत, आठवतं का? "पळता येतं का गं?"

मी म्हटलं, "कामून?"

"बस चुकली तर पळावं लागतं. आपल्या गावाला बस थांबत न्हाई, नुसती हळू होती."

हसावं की नाही ते मला कळलं नाही. पुढं कळलं की तुम्ही गमतीतलं गंभीर चेहऱ्यानं बोलता आणि गंभीर बोलायचं असलं की गप बसता. तेवढं एक समजायला मला वीस वर्षं लागली.

आपलं पटायचं नाही हे इथं लपवत नाही. तुम्ही आलात की माझ्या घरातल्या खुर्च्या हलवायच्या. मी औषधाच्या दुकानाचं काढलं तेव्हा सगळे म्हणाले, बाईमाणूस, गावात, कशाला. तुम्ही एकट्या म्हणालात, "टाक." आणि उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांच्या देखत माझ्या मांडणीला नावं ठेवलीत. दोन्ही तुम्हीच.

वैष्णवी माझ्या माहेरी, चारठाण्याला झाली. संक्रांत होऊन आठ दिवस झाले होते. बारशाला तुम्ही आलात. आत्याच्या मानानं पाळण्यात वाकून तिच्या कानात नाव सांगितलंत आणि आमच्याकडच्या बायकांनी रीतीप्रमाणं तुमच्या पाठीत धपाटे घातले. माझ्या बहिणींनी जरा जास्तच जोरात घातले. तुम्ही तिसऱ्या धपाट्याला मागं वळून माझ्या धाकट्या बहिणीचं मनगट धरलंत आणि म्हणालात, "बास. मी मोजायलेय."

पोरगी डावरी निघाली. मी तिला उजव्या हातानं जेवायला लावायची, ती डावा हात पुढं करायची, मी चापट द्यायची. तुम्ही एका रविवारी हे बघितलंत. त्याच दुपारी तिला रिकाम्या रानात नेऊन चेंडू दिलात. परत आलात ते घामेघूम. "मंगल, जेवू दे उजव्यानं. पण पायाला हात लावू नको. डावा पाय माझा हाय."

पाचवीला तिला तुमच्याकडं परभणीला ठेवली. दर शनिवारी ती घरी यायची ती तुमच्यासारखी बोलत यायची, तुमच्यासारखी खुर्च्या हलवायची. मला राग यायचा. पोरगी माझी की तुमची, असं एकदा बोलूनही गेले. तुम्ही म्हणालात, "सकाळी साडेपाचला उठवून बग, मग कळंल कुणाची हाय." त्यानंतर मी तो विषय काढला नाही, पण राग होता. तोही लिहून ठेवते.

आता मूळ गोष्ट.

वैष्णवी जिल्ह्याला खेळली, विभागाला खेळली, राज्याच्या संघात गेली. मग सतरा वर्षांखालच्या मुलींच्या देशाच्या शिबिराचं पत्र आलं. बांगलादेश, नेपाळ, भूतान आणि आपण, अशी शेजारच्या देशांची स्पर्धा होती, तिचा संघ त्या शिबिरातून निघायचा होता. तुम्ही फॉर्म भरायला बसलात आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं पेडगावला हजर. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत तुम्ही उभ्या राहिलात. मग शाळेचा दाखला काउंटरवर ठेवलात.

"ही जूनमध्ये कशी जन्मली?"

मी बघितलं. जूनची एक तारीख.

"मी संक्रांतीचा तीळगूळ घेऊन बारशाला आलते, मंगल. मला आठवतंय. आन् हितं ती त्याच्या आदल्या जूनात जन्मलीय. जानेवारीच्या एक तारखेची कट हाय, त्याच्या आदी जन्मलेली चालत न्हाई. कागदावर पोरगी बाद हाय."

दुसऱ्यांच्या पोरींचे कागद तुम्ही भिंग लावून बघायचा. घरच्या पोरीचा कागद सहा-सात वर्षं तुमच्याच कपाटात होता, तो नीट बघितला नव्हता. हे मी तुम्हाला तेव्हा बोलले नाही, कारण मुळातली चूक माझी होती.

मग मी सांगितलं. दुकान नवं होतं. पोरगी पाच वर्षांची, अंगणवाडी बाराला सुटायची आणि मग ती दिवसभर माझ्या पायात. एकदा मी वळून बघते तर तिच्या तोंडात गोळ्यांची पट्टी. कागद चावत होती, गोळी फुटली नव्हती. दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन शाळेत गेले. पहिलीला सहा पूर्ण लागत होती. हेडमास्तरांनी विचारलं, "जन्मतारीख?" माझ्या पुढच्या बाईनं "जूनची एक" सांगितलं होतं आणि तिचं काम झालं होतं. मीही तेच सांगितलं. तिच्या आधीच्यांनीही तेच सांगितलं असणार. आपल्याकडच्या शाळेतली निम्मी पोरं जूनच्या एक तारखेलाच जन्मलेली असतात. कुणाला त्यात काही वाटत नाही. मलाही वाटलं नाही. रोज शंभर पाकिटांवरच्या तारखा बघणारी मी, पोटच्या पोरीची तारीख साडेसात महिने मागं ढकलली आणि विसरून गेले.

तुम्ही ऐकून घेतलंत. ओरडाल असं वाटलं होतं.

मी म्हटलं, "मालकांच्या ओळखीचा एक जण हाय, तो चार दिवसांत कागद करून देतो."

"ओळखीनं न्हाई. तुझ्या वडलांनी नोंद केली असंल. चारठाण्याचं रजिस्टर बगू."

तीन चकरा मारल्या आपण. पहिल्यांदा ग्रामसेवक नव्हता, दुसऱ्यांदा किल्ली नव्हती. तिसऱ्यांदा दोन्ही भेटले. रजिस्टरात नोंद होती. माझ्या वडलांची सही, संक्रांतीनंतरची तारीख, आणि नावाच्या जागी काहीच नाही. बारसं नंतर झालं, नाव घालायला कोण जातंय परत. ग्रामसेवक तरुण होता. हसला.

"बाई, सगळे वय कमी करायलाच येत्यात."

तुम्ही म्हणालात, "आमचं खरंच कमी हाय."

"सगळे तेच म्हणत्यात. आता ह्ये मूल म्हंजी तुमची वैष्णवीच, ह्ये कशावरून?"

"नाव मी ठेवलंय. मी आत्या हाय तिची."

"पुरावा?"

"पाठ दाखवू का? हिच्या बहिणींनी मारलेलं अजून दुखतंय."

तो इतका हसला की त्यानंच पुढं कोणकोणते कागद लागतील ते लिहून दिलं. दाखला मिळाला. खरा, शिक्क्याचा, जन्माच्या वेळच्या नोंदीवरचा.

मग पेडगावची शाळा. हेडमास्तर नवे होते, सरळ माणूस. त्यांनी सांगितलं, "तारीख दुरुस्त होईल, कागद पक्का हाय. पण चुकीची तारीख तेव्हा कुणी सांगितली ते अर्जात लिहावं लागतं. आन् आईनंच सांगितली म्हणून लिहिलं तर वर विचारतील, तवा खोटं बोलली ती आता खरं बोलायलीय कशावरून."

मी तोंड उघडलं. टेबलाखाली तुमचा बूट माझ्या पायावर आला. चांगलाच दाबलात.

"तारीख मी सांगितली," तुम्ही म्हणालात. "मी आत्या. शाळेत घालायला मीच आलते. लिहा."

आणि सही केलीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोट्या सह्या पकडणाऱ्या बाईनं.

बाहेर लिंबाखाली मी तुमच्याशी भांडले. "अक्का, तुमी खोटं लिहिलंत."

"तारीख खरी हाय ना?"

"तारीख खरी हाय. सही खोट्यावर हाय."

"माझी हाय. तुझी न्हाई. तुझ्या नावावर दुकानाचा परवाना हाय, तुला ह्याच गावात बसायचंय. मी रिटायर बाई. माझं काय वाकडं होणारंय?"

मी म्हटलं, होईल. तुम्ही म्हणालात, बस आली, पळ. ते भांडण तिथंच राहिलं.

वाकडं झालं ते महिन्याभरात. परभणीच्या मैदानावर शाळांच्या स्पर्धा होत्या. निवृत्त झालात तरी मुलींचे वयाचे कागद तपासायचं टेबल तुमचंच असायचं. इतकी वर्षं त्या टेबलावरून खोटा कागद पुढं गेला नाही, हे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत होतं. मी तुमचा डबा घेऊन आले होते. रांगेत पोखर्णीची सुरेखा उभी होती, तिच्या पोरीचे कागद घेऊन.

सुरेखा कोण ते तुमच्या वेळच्या मुलींना सांगायला नको. तुमची सगळ्यात चांगली खेळाडू. तुम्हीच म्हणायचा, असा पाय पुन्हा मिळाला नाही. राज्याच्या निवडीच्या वेळी तिचे दोन कागद दोन तारखा सांगत होते. शाळेच्या दाखल्यावर वय जास्त, घरच्यांनी आणलेल्या दुसऱ्या दाखल्यावर कमी. तुम्ही शाळेचा खरा धरलात, दुसरा बनवून आणलेला ठरवलात, आणि तुमच्याच संघातून तुमच्याच हातानं तिचं नाव कापलंत. तिनं पुन्हा चेंडूला पाय लावला नाही. गावातच लग्न झालं तिचं.

तिचा नंबर आला. कागद टेबलावर ठेवून ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "नीट बगा, अक्का. माझ्या टायमाला तुमचं इमान लय कडक होतं. आता ऐकलंय, भाचीची तारीख तुमीच चुकून सांगितलीवती म्हणं."

कुणीतरी मागं हसलं. मी तुमच्यापासून दोन हातांवर उभी होते. डबा हातात. 'ती तारीख मी सांगितली होती', एवढं म्हणायला काय लागत होतं? मी म्हटलं नाही. अर्ज अजून वर मंजूर व्हायचा होता, पोरीचं शिबिर तोंडावर होतं, हे मी स्वतःला कारण दिलं. ते खरंही होतं. पण खरं कारण हे की इतक्या लोकांत मला लाज वाटली.

तुम्ही तिच्या पोरीचा कागद बघितलात, सही केलीत आणि म्हणालात, "पुढचा."

तो डबा तुम्ही त्या दिवशी खाल्ला नाहीत. मी तसाच परत आणला.

पुढचं चांगलं आहे, ते लवकर लिहिते. अर्ज मंजूर झाला. शिबिरात पोरीच्या मनगटाच्या हाडांचा फोटो काढून वय तपासलं, ते बसलं. संघात नाव आलं. पण मनगटाचा फोटो कुणी चौकात लावत नाही, त्यामुळं बोलणारे बोलत राहिले.

सामने आपण माझ्या दुकानात बघितले, मोबाईल सलाईनच्या खोक्याला टेकवून. पहिले काही सामने वैष्णवी बाहेरच बसली होती. तरी तुम्ही एकही चुकवला नाहीत, दर वेळी पेडगावला आलात. शेवटचा बांगलादेशाशी होता. बरोबरी झाली तरी कप आपला, हरलो तर त्यांचा. डाव्या बाजूची पोरगी लंगडत बाहेर आली आणि आपली आत गेली. त्याच वेळी दुकानात वेशीजवळचे मामा बीपीच्या गोळ्या न्यायला आले.

मी म्हटलं, "जरा दम धरा मामा, कॉर्नर हाय."

तुम्ही म्हणालात, "गोळ्या दे आगोदर. कॉर्नर मी बगते."

"कोण खेळायलंय?" मामांनी विचारलं.

"आमची वैशू."

"कुठं?"

"भूतानात."

"ते कुणीकडं आलं?"

"हिंगोलीच्या पुढं," तुम्ही म्हणालात. मामांनी मान हलवली आणि खुर्ची ओढून बसले.

बांगलादेशाची एक बारकी पोरगी होती, सात नंबरची. तिनं आपल्या वैशूला एकदा चकवलं, दुसऱ्यांदा चकवलं, आणि दुसऱ्यांदा गोल केला. आपला एक आधीच झाला होता, म्हणजे बरोबरी. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मामा रागावले. "अक्का, गोल तिकडचा झालाय."

"डोळे हायेत मला. चांगला झालाय."

मग म्हणालात, "चूक वैशूचीच. आत घेतली तिला, बाहेर ढकलायला पाहिजे होतं. आता बग, परत फसती का." परत फसली नाही. ती सात नंबरची आली की आपली तिला रेषेकडं रेटत न्यायची, जसं तुम्ही रानात तिला रेटायचा. सामना बरोबरीत सुटला. कप घेताना आपल्या पोरी नाचत होत्या आणि तिकडच्या मैदानात बसून रडत होत्या. तुम्ही बराच वेळ त्या रडणाऱ्या पोरींकडंच बघत होता. मग हळूच विचारलंत, "तिच्याबी दाखल्यावर जूनची एक असंल का गं? सात नंबरच्या?"

मला वाटलं नेहमीची गंमत. मी हसले. तुम्ही गंभीर चेहऱ्यानं बोलता तेव्हा गंमत असते, हा माझा वीस वर्षांचा हिशोब त्या दिवशी चुकला.

त्यानंतर तुम्ही टेबलावर बसणं सोडलंत. मैदानावर जाणंही बंद केलंत. विचारलं की गुडघे दुखतात म्हणायचा. मग दर शनिवारी पोखर्णीच्या नृसिंहाला जायला लागलात. आयुष्यात सत्यनारायणाला नीट बसला नाहीत तुम्ही. मी चिडवलं, "अक्का, म्हातारपणी देव आठवला का?" तुम्ही म्हणालात, "गुडघ्यांसाठी बोललेय." मी गुडघ्याचं मलम द्यायची आणि तुम्ही ते घ्यायचा. वर्षभर घेतलंत.

त्या मंगळवारी सकाळी तुम्ही गेलात. कसं झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पुन्हा लिहीत नाही.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सुरेखा आली. वैष्णवी शिबिरातून आलेली होती, माझ्या शेजारी बसली होती. सुरेखा खाली सतरंजीवर बसली, पाणी प्यायली. ती बोलायच्या आत मी म्हटलं, "सुरेखा, तू त्या दिवशी मैदानावर बोललीस ते अक्कांना उगीच बोललीस. तारीख मी सांगितली होती. अक्का शाळेत आल्याच नव्हत्या."

"माहीत हाय मला," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"त्यांनी न्हाई सांगितलं. दिवाळीच्या आगोदर माझ्या घरी आल्या. बसल्या. म्हणाल्या, तुझा दुसरा कागद खरा असंल, सुरेखा. मी शाळेचा खरा धरला, पण शाळेत आमच्यासारखे लोकच तारखा सांगत्यात हे मला घरचं उघडं पडल्यावर कळलं. मग त्यांनी माझ्या आईला इचारलं, ही कोणत्या सणाच्या वक्ताला झाली. आई थकलीय, तिला काय आठवंना. अक्का लय वेळ बसल्या तिच्यापाशी. नागपंचमी का, पोळा का, एकेक सण घेऊन इचारत होत्या. जाताना म्या इचारलं, अक्का, तुमी खरंच गेलता का शाळंत तारीख सांगायला? त्या गप बसल्या. एकदा सही केली ती केली. दुसऱ्यांदा खोटं बोलता आलं न्हाई त्यांना."

वैष्णवीनं विचारलं, "म्हणजे आत्या खोटं बोलली होती?"

"हो."

"माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी खरा कागद होता. माझ्यासाठी बोलल्या."

ती उठून आत गेली.

सुरेखा म्हणाली, "तुमाला माहीत न्हाई का, त्या शनिवारी आमच्याकडं यायच्या? गावातल्या चौदा पोरी हायेत. माझी हाय त्यात. देवळामागच्या रानात खेळवायच्या. मला म्हणल्या, शिट्टी तू वाजव, मला पळणं होईना."

म्हणजे गुडघे खरेच दुखत होते. मलम वाया गेलं नाही.

अक्का, तुम्ही सुरेखाच्या बाबतीत चुकला होता की नाही, ते आता कुणालाच कळणार नाही. तुम्हालाही कळलं नव्हतं. तरी तुम्ही तिच्या दारात गेलात. ज्या टेबलानं तुमचं नाव झालं ते टेबल कुणी न सांगता सोडलंत, आणि आम्हाला गुडघे सांगितलेत. मी सांगितलेल्या एका तारखेनं तुमचा आयुष्यभराचा भरवसा मोडला आणि तुम्ही मला त्यातलं एक अक्षर ऐकवलं नाहीत. मी तुमच्यावर इतकी वर्षं रुसले, की तुम्ही माझी पोरगी घेतलीत. तुम्ही घेतलंत ते माझं खोटं. पोरगी तुम्ही मला परत केलीत, साडेपाचला उठणारी, चूक झाली तर दुसऱ्यांदा न फसणारी. हे तुमच्या तोंडावर बोलले असते तर तुम्ही विषय बदलला असता. आता बदलता येत नाही, एवढाच माझा फायदा.

हे छापायच्या आधी मी वैष्णवीला विचारलं. पुन्हा कागद उघडतील, पुन्हा कुणी बोलेल, वरच्या वयोगटाचं शिबिर आहे. ती म्हणाली, "उघडू दे. तारीख खरी हाय." पेडगावच्या शाळेतही मी लेखी दिलं आहे की पहिलीला घालताना जूनची एक तारीख मी, तिच्या आईनं, सांगितली. हेडमास्तरांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आता ह्याची काय गरज होती?" मी म्हटलं, फाईलला लावा.

गेल्या शनिवारी दुकान दुपारी बंद करून पोखर्णीला गेले. पोरी खेळत होत्या, सुरेखा शिट्टी वाजवत होती. तिनं मला तुमची वही दिली. मला वाटलं, त्यात खेळाचं असेल. त्यात चौदा नावं, आणि प्रत्येकीपुढं तिच्या आईनं सांगितलेलं तुमच्या अक्षरात: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. गौरी बसल्या त्या सकाळी. मोठ्या दिराचं लग्न झालं त्या महिन्यात. नऊ जणींपुढं बरोबरची खूण, म्हणजे ग्रामपंचायतीतून जन्माचा खरा कागद निघाला. पाच राहिल्या आहेत.

खेळातलं मला काही कळत नाही. हे कळतं. मी बांधावर बसले आणि पाचांतल्या पहिलीच्या आईला बोलावलं.

"पोरगी कधी झाली?"

"तुरी काढायल्या होत्या तवा."

"कोणत्या वर्षीच्या तुरी?"

"आता ते काय ध्यानात ऱ्हातंय का, बाई? शाळंत जून एक लावलीय."

"ती खोडायची. नीट आठवा. थोरला पोरगा तवा चालत होता का रांगत होता?"

तिनं पदर सारखा केला आणि विचार करायला लागली. मी वही उघडी ठेवून थांबले.